पिवळ्या टोपीतला पावणा

कोडोलीच्या अमरसिंहाला जन्मात एकच काम नीट जमलं, फोटो काढून घ्यायचं. मेकॅनिकलच्या डिप्लोमाचं शेवटचं वर्ष काय संपता संपत न्हवतं. घरच्या म्हशीची धार कुठल्या अंगाला बसून काढायची ते ठावं न्हाय, पर गाडीच्या टाकीवर 'इंजिनिअर' असं रंगवून घेतल्यालं. पोरगं कसलं, नुसतं बेणं.

आणि असल्या बेण्याला स्थळ आलं, गगनबावड्याकडचं. पोरगी स्वप्नाली, औषधाच्या दुकानात दिवसभर उभी राहून आईला सांभाळणारी. बाप न्हाय, म्हणून मामा केरबा बघायचा सगळं. केरबाची अट एकच, "जमीन इचारत न्हाय. पोरगं कंपनीत पायजे." आमच्याकडं 'कंपनीत हाय' म्हटलं की माणूस तरला. आत जाऊन काय करतंय ते कोण बघतंय? अमरसिंहानं ठोकून दिलं, "शिरोलीला फौंड्रीत हाय मी. सुपरवायझर."

केरबा चौकशीला कोडोलीत आला तो माझ्याकडंच उतरला, जुनी वळख आमची. मी चहा पाजला आणि पावसापाण्याचं बोललो. ठरत आल्यालं स्थळ मोडलं तर पाप लागतंय म्हणत्यात, म्हणून गावात असल्या वक्ताला सगळीच तोंडात मूग धरून बसत्यात. केरबाला ही रीत पाठ. चहाची बशी खाली ठेवत म्हणाला, "तू पावसाचं बोलाय लागलास तिथंच मला वास आला. आता डोळ्यानं बघतो. तू चल संगट."

त्येनं फोन लावला तर ते बेणं जराबी अडखळलं न्हाय. "या की मामा. बुधवारी या. आत सोडत न्हाईत, गेटवरनंच बघा. मी दिसतो."

बुधवारच का, ते आम्हांला मागनं कळलं. त्या दिवशी कॉलेजची पोरं बस भरून कारखाने बघाय निघालेली. कारखाने बघाय म्हंजे काय, तर बसमधी ढणाढणा गाणी लावायची, साखर कारखान्यात मळीचा वास आला म्हणून नाकाला रुमाल लावून पळायचं, दूध संघात फुकटचं सुगंधी दूध प्यायचं आणि सरांना सांगायचं, "बघितलं." यंत्राकडं पाठ आणि फोनकडं तोंड. उद्या हीच इंजिनिअर व्हणार.

आम्ही गेटच्या जाळीला डोळं लावून उभं. तेवढ्यात आतल्या पटांगणात अमरसिंह दिसला. डोक्याला पिवळी टोपी, एक हात कमरंला. लांबनंच आम्हांला हात केला आणि हातगाडा ढकलणाऱ्या एका गड्याकडं बोट करून कायतरी हुकूम सोडला. गड्यानं ढुंकून बघितलं न्हाय, पर ते केरबाला कुठलं दिसायला. त्येचा चेहरा सैल झाला. "हाय की रं कंपनीत. उगंच वाईट आलं मनात."

मग अमरसिंह रुबाबात वळला, आणि आम्हांला त्येची पाठ दिसली. टोपीच्या मागं लाल रंगात मोठ्ठं लिवलं व्हतं, 'पाहुणा'.

केरबानं दोनदा वाचलं. गेटवर मुनव्वरभाई वॉचमन व्हता, त्येला इचारलं, "ह्ये काय लिवलंय टोपीवर?"

"कॉलेजची पोरं हायत, पावणं. बघाय आल्यात, जात्यात आता," मुनव्वरभाई म्हणाला. "मालकांनी मुद्दाम मराठीत लिवून घेतलंय. भट्टीवरच्या माणसाला कळाय पायजे की, ह्येला कशाला हात लावू द्यायचा न्हाय."

तवर अमरसिंह गेटजवळ आला. "काय मामा, बघितलासा न्हवं?"

"बघितलं की. फुडनं बी आणि मागनं बी. जरा टोपी काढा, पावणं."

त्येनं टोपी काढली, उलटी करून वाचली. आत शिरल्यापासनं डोक्यावर व्हती, पर मागं काय लिवलंय ते बघायची अक्कल कुठली. थोबाड उतरलं, पर जीभ चालूच. "मामा, पास झालो की हितंच लागणार हाय मी."

"लागा की," केरबा थंडपणानं म्हणाला. "आम्ही तुम्हांला पावणं कराय आलतो. तर तुम्ही हितं आदीच पावणं हायसा. एका माणसाला किती डाव पावणं करायचं?"

मुनव्वरभाई खोकल्यासारखं करून हसला. बसचा हॉर्न वाजला तसं बेणं टोपी त्येच्या हातात कोंबून पळालं. घाटावर फिराय जायचं व्हतं त्यास्नी, गगनबावड्याला. पोरीच्याच गावाला.

केरबानं तिथनंच स्वप्नालीला फोन केला. सगळं ऐकून ती म्हणाली, "बरं झालं मामा. गिऱ्हाईक हाय, ठेवते."

अमरसिंह सुधारला असंल म्हणून कोण वाट बघत असंल तर बघू नका. त्येनं नवा बायोडाटा छापलाय, कालच माझ्या हातात आला. वर फोटो हाय, पिवळ्या टोपीतला.

फुडनं काढल्याला.