पाण्याचं गंडांतर

माझ्या नातीला टीव्हीवरच्या एका मालिकेचं वेड आहे. तिच्यात अंगाला चिकटलेले कपडे घालून उडणारा एक वीर आहे, आणि त्याची एक मैत्रीण, जिला पुढचं दिसतं. पूल पडणार, आगगाडी घसरणार, असं तिला दिसलं की हा उडत जातो आणि सगळं टाळतो. परवा नातीनं विचारलं, "आज्जी, पुढचं आधी कळलं तर खरंच बदलता येतं?" मी म्हटलं, "डोंबल बदलतंय!" आणि टीव्ही बंद करून टाकला. पोरगी रुसली. रुसू दे. हा विषय मला या वयातही का नको असतो, हे तिला कसं सांगू?

पन्नासच्या दशकात आम्ही पुण्याहून बेंगळूरला आलो. वडिलांना इथल्या सरकारी कारखान्यात नोकरी लागली होती. मल्लेश्वरमला भाड्याचं घर, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे अक्कांचं घर. अक्का मराठीच, पण पिढ्यान्‌पिढ्या इथल्या, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात निम्मं कानडी. आम्हाला मात्र कानडीचा गंध नव्हता. मी आठ वर्षांची होते, ताई चौदाची.

एके दिवशी पहाटे दारात कुडमुडं वाजलं. डोक्याला मुंडासं, अंगात ठिगळांचा कोट, हातात ते इवलंसं डमरू. "अगंबाई, हा तर आपल्याकडचा पिंगळाच!" आई हरखून म्हणाली. पाखरांची भाषा ऐकून पुढचं सांगणारा तो पिंगळा. परमुलखात ओळखीचं माणूस भेटावं तशी ती सुपात तांदूळ घेऊन दारात गेली, मी तिच्या पदराआड. त्यानं आईकडे बघून वाजवणं थांबवलं आणि कानडीत म्हणाला, "तायी, नीरिन गंडांतर ऐते, तायी!"

कानडी न येणाऱ्या आम्हाला त्यातलं सगळं समजलं, हेच आमचं दुर्दैव. तायी म्हणजे आमची ताई. नीर म्हणजे पाणी. गंडांतर तर आमच्या घरातलाच शब्द. आईनं तांदूळ तसेच त्याच्या झोळीत ओतले आणि दार लावून घेतलं. आत ताई वेणी घालत गुणगुणत बसली होती.

त्या दिवसापासून भीती आमच्या घरात राहायलाच आली. ताईनं विहिरीकडे फिरकायचं नाही, असं आईनं बजावलं. "पोटासाठी बोलतात गं ती माणसं," वडील म्हणाले. पण शाळेची सहल तळ्याकाठी जाणार असं कळलं, तेव्हा नको म्हणणारे तेच. मी तर ताईची पाठ सोडेना. ती न्हायला गेली की न्हाणीच्या दाराशी बसून सारखी हाक मारायची. "ताई, आहेस ना?"

"नाही, घंगाळात बुडाले!" ती वैतागून ओरडायची, आणि मला रडू कोसळायचं.

आधी पाणी शेंदायचं काम ताईचं होतं. आता ते आईवर आलं. पिण्याचं, न्हाणीचं, धुण्याचं, सगळं. दोर ओढून ओढून तिचे तळहात सोलवटले. "मी एक कळशी आणते ना," ताई म्हणायची, की आई वस्सकन अंगावर जायची, "विषाची परीक्षा घ्यायची नाही!"

असे काही महिने गेले. एका दुपारी मी ताईला चिकटून पाटीवर गणितं करत होते. मागून धप्पकन आवाज आला आणि पाठोपाठ अक्कांची किंकाळी. धुण्याच्या साबणपाण्यावरून आईचा पाय सटकला होता, आणि विहिरीचा कठडा जेमतेम गुडघ्याएवढा. ताई धावली, मी तिच्या मागे. ती वाकून बघायला लागली तशी मी तिच्या कमरेला मिठी मारून बोंबलले, "तू नको जाऊस! तू नको!" खाली आई गटांगळ्या खात होती, आणि मी ताईला मागे ओढत होते.

समोरच्या घरातले बापे दोर घेऊन धावले. आईला वर काढलं. हात मोडला होता, कपाळ फुटलं होतं, पण श्वास चालू होता.

संध्याकाळी अक्का पेज घेऊन आल्या. आईनं त्यांना पिंगळ्याचं सांगितलं. "ताईचं गंडांतर म्हणून तिला एवढं जपलं हो, आणि बघा."

अक्कांनी वाटी खाली ठेवली. "अग, तायी म्हंजे कानडीत आई की! दारातल्या बाईला ते तसंच हाक मारतात. तो तुलाच सांगत होता."

ताईला पाण्यापासून लांब ठेवलं म्हणून आई पाण्यावर गेली, एवढं मलाही कळलं. ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई मात्र हसली, मोडक्या हातानिशी खदखदून हसली. "म्हणजे माझंच होतं होय? सुटले गं बाई!" कितीतरी महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

ते हसू बघून ताईच्याही जिवात जीव आला. घरात पाण्याचा थेंब नव्हता. तिनं डोळे पुसले, कोपऱ्यातली कळशी उचलली आणि मागच्या दाराकडे निघाली. तेवढ्यात आईनं धड असलेल्या हातानं तिचा परकर पकडला.

"तू नको जाऊस."

"अगं, पण ते तुझं होतं ना?" मी म्हटलं. "अक्का म्हणाल्या की!"

"माझं होतं, ते झालं," आई म्हणाली. "हिच्या नशिबात काय आहे, ते कुठं कुणी सांगितलंय?"

आणि ती काही केल्या परकर सोडेना.