दोन बोटांची काँटेसा

"बूड उचला, पावणं! आधी बूड उचला!"

सांगलीहून गाडी बघायला आलेला माणूस बॉनेटला टेकला होता. तो असा दचकून उभा राहिला की खिशातलं पेन गटारात गेलं. ओरडणारे आण्णा दारातल्या खुर्चीवरून उठलेही नव्हते. आवाज मात्र शिवाजी पेठेतून निघून रंकाळा तलावाला वळसा घालून परत आला असावा, कारण दोन मिनिटांनी तिकडचे बगळे आमच्या डोक्यावरून उडत गेले. मग पाहुण्यानं भीत भीत भाव विचारला.

"पंच्याऐंशी हजार."

"गेल्या महिन्यात माझ्या मेव्हण्याला सत्तर सांगितलेलं की."

"त्यानं न्हेली का? न्हाय. मग वाढली."

आण्णांचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर त्यांना ओळखणारी निम्मी पेठ माझ्या दुकानात भांडायला येईल. माझं सीट कव्हरचं दुकान त्यांच्या दारासमोर. नव्वदच्या दशकापासून पुढं दहा-बारा वर्षं या गाडीच्या प्रत्येक सौद्याला मी साक्षीदार होतो, आणि माझ्या साक्षीत रुपयातले चार आणे तरी खरे असतात, एवढं तुम्ही मान्य करालच.

गाडी म्हणजे काँटेसा. किरमिजी रंगाची, एका साखर कारखानदाराची वापरलेली. तोंड आण्णांच्या उंबऱ्याशी आणि शेपूट तालमीच्या दारात. तिच्या पुढच्या काचेवर ऊन असताना मागच्या काचेवर पाऊस पडलेला मी स्वतः पाहिला आहे.

आण्णांनी चाळीस वर्षं गुळाची अडत चालवली होती. गूळ आज विकला नाही तर दमट हवेत पाघळतो, काळा पडतो, भाव उतरतो. जन्मभर घाईघाईनं माल खपवलेल्या या माणसाला म्हातारपणी एक वस्तू अशी मिळाली, की जी ठेवून चालत होती. "गाडी हाय, गूळ न्हाय. ठेवली म्हणून पाघळत न्हाय," हे ते इतक्यांदा म्हणत की कोपऱ्यावरच्या न्हाव्याचा पोपट रामराम सोडून तेच म्हणायला लागला होता.

डॅशबोर्डवर शाळेतली पाटी ठेवलेली, तिच्यावर खडूनं भाव. कुणी हॉर्नचं कौतुक केलं, पाच हजार वाढले. डिकी उघडून कुणी "आत म्हैस बसंल" म्हणालं, त्या म्हशीचे दहा. कंपनीनं ही गाडी काढायची बंद केली असं कळलं, त्या दिवशी आण्णांनी पेढे वाटले आणि पाटीवर एकदम सव्वा लाख लिहिले. बाहेर माणसं हप्त्यानं नव्या छोट्या गाड्या घेत होती आणि आण्णा जुनीला नवीचा भाव मागत होते. तालमीतले पैलवान येता-जाता विचारायचे, "आण्णा, आजचा रेट?" ते थट्टेनं विचारत. आण्णा मात्र चष्मा लावून, पाटी बघून सांगत. दर रविवारी कुठून कुठून हौशी माणसं येत, चहा पीत, भाव ऐकत आणि निघून जात.

आण्णांच्या बायकोला आम्ही अक्का म्हणायचो. अक्का गाडीला एकाच गुणासाठी सहन करत. बॉनेटवर पापड झकास वाळायचे. बाकी घरातून बाहेर पडायचं तर त्यांना खेकड्यासारखं तिरकं चालावं लागे. शेवटी एका वर्षी त्यांनी सर्वांसमक्ष सांगून टाकलं, "दिवाळीपतूर गेली तर गेली. न्हायतर भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. किलोवर न्हेतोय."

आण्णांचा चेहरा पडला. आता भाव चुकला म्हणून कबूल करायचं, नाहीतर काँटेसा वजनकाट्यावर चढलेली बघायची. पेठ कान देऊन बसली. दुसऱ्या दिवशी आण्णांनी पाटी ओल्या फडक्यानं पुसली. आम्हाला वाटलं, उतरले. त्यांनी दोन लाख लिहिले.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी हुपरीचे एक म्हातारे गृहस्थ आले. घरातच पैंजणांचा कारखाना, पण मळाही होता, आणि एके काळी त्या मळ्याचा गूळ आण्णांच्याच अडतीत यायचा. नातवाच्या वरातीला ऐटदार गाडी पाहिजे होती. ते गाडीभोवती एकदा फिरले. टेकले नाहीत, टायरला लाथ मारली नाही, भावही विचारला नाही. आण्णांसमोर खुर्ची ओढून बसले आणि उजवा हात पुढं केला.

आण्णांनी चटकन पाटी पालथी घातली आणि खांद्यावरचा रुमाल काढला. गूळ बाजारात भाव तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. विकणारा आणि घेणारा हातात हात देत, वर रुमाल टाकत आणि आत बोटं दाबून भाव सांगत. घेणाऱ्याला जास्त वाटला तर तोही बोटांनीच उतरवी. पटला की हात काढून घेई आणि रुमाल खाली पडे. रुमाल पडला की सौदा झाला. मग आभाळ कोसळलं तरी कुणी शब्द फिरवत नसे. अडत बंद झाल्यापासून आण्णांपुढं कुणी असा हात केला नव्हता. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. डोळ्यात कचरा गेला, असं ते पुढं सांगत असत.

मी कात्री टाकून धावलो. रुमालाखाली मासे वळवळावेत तशी हालचाल झाली. आण्णांनी पाहुण्यांची दोन बोटं दाबली, म्हणजे दोन लाख. आनंदानं इतकी दाबली की घाण्यात ऊस घातल्यासारखी. पाहुण्यांच्या कपाळाला आठी पडली. आता तास-दोन तास मजेत घासाघीस चालणार, मग आण्णा रुमाल खांद्यावर टाकून "जमत न्हाय" म्हणणार, हे आम्हाला पाठ होतं. आण्णांनी पुन्हा आवळली.

पाहुण्यांचा हात झटक्यात बाहेर आला आणि रुमाल फरशीवर पडला.

आण्णा रुमालाकडं बघत राहिले. मग गाडीकडं.

"झाला सौदा," मीच बोलून बसलो.

पाहुण्यांनी माझ्याकडं पाहिलं, रुमालाकडं पाहिलं, आण्णांच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. झाला."

गाडी गल्लीतून काढायला अख्खी तालीम लागली. शेपूट महाद्वार रोडला पोचलं तेव्हा तोंड अजून आण्णांच्या दारात होतं. निघण्याआधी आण्णांनी त्याच रुमालानं बॉनेटवरचा पापडाचा चुरा पुसला. पाटी आतच राहू दिली.

पुढं मरेपर्यंत त्यांनी पेठेला एकच गोष्ट ऐकवली. "एका दमात दोन लाख. घासाघीस न्हाय. भाव बरोबर हुता." आता हसायची कुणाची टाप नव्हती. रविवारी मात्र ते खुर्ची टाकून रिकाम्या जागेसमोर बसत, आणि तिथं कुणी सायकल लावली तर ओरडत, "बाजूला घ्या, तिथं गाडी असती."

आण्णा गेल्यावर वर्षभरानं हुपरीहून निरोप आला, सीट बदलायच्या आहेत. गेलो. काँटेसा शेडमध्ये आरशासारखी पुसून ठेवलेली. नातवाची वरात केव्हाच होऊन गेली होती. डॅशबोर्डवर पाटी तशीच, पालथी. चहा पिताना मी विचारलं, मालक, लाखात मिळाली असती, एका दमात दोन लाख कसे मान्य केले?

त्यांनी हात पुढं केले. जन्मभर बारीक घुंगरं ओवून बोटं सांध्यांत वाकडी झालेली.

"भाव कुठला? आण्णांनी बोटं आवळली, मस्तकात कळ गेली. हात सुटला."

मग त्याच वेळी सांगायचं की, मी म्हणालो. निदान पुढं कधीतरी आण्णांच्या कानावर घालायचं.

त्यांनी बशीतला चहा संपवला.

"रुमाल पडला हुता."