वळणावरची खाच

निवृत्त झाल्यावरही लोक त्यांना ड्रायव्हरच म्हणत. बायको त्यांच्याच बसची कंडक्टर. तिची एक घंटी ऐकली की थांबायचं, दोन ऐकल्या की निघायचं, हे त्यांच्या इतकं अंगवळणी पडलेलं की लग्नानंतर घरातही फारसं काही बदललं नाही.

हिवाळ्यात तिला पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात रुसून बसला. अंगठा तर हलेचना. डॉक्टरबाई म्हणाल्या, त्याला काम द्या, नाहीतर तो कायमचा जाईल. दाबायला रबरी चेंडू दिला, तर तिने तो भिंतीवर भिरकावला, तोही डाव्या हाताने.

मग ड्रायव्हरांनी विजेवरची खेळण्यातली मोटार आणली. तारेने जोडलेली, हातात धरायची कळ अंगठ्याने दाबली की धावते, सोडली की थांबते. रस्ता मात्र घरीच करायचा ठरला: टेबलाएवढं प्लायवूड, त्यात बारीक खाच, खाचेत मोटारीखालची खुंटी. सरळ खाच पट्टी धरून झाली. वळणाने घाम फोडला. शेजारच्या सुताराने बजावलं होतं, मध्ये खिळा ठोका, त्यावर पट्टी फिरवा, वळण आपोआप निघेल. पण जन्मभर वळणं घेतलेल्या माणसाला खिळा कशाला? गडी नुसत्या हातानेच निघाला.

पटाशीपुढे लाकडाची साल अलगद वळत वर येई. टेबलावर दुपारचं ऊन पसरलेलं असे, आणि बघता बघता प्लायवूड दिसेनासं होई. पुलाचा उतार यायचा, शाळेची भिंत जायची, पुढे दवाखान्याचा कोपरा. मागे ती तोल सावरत तिकिटं फाडत असायची. किती सुखाचे दिवस होते ते.

भानावर आले तेव्हा खाच वळण्याआधी ऐसपैस बाहेर जाऊन फळीच्या काठाला टेकली होती. लांबलचक बसची मागची चाकं फुटपाथवर चढू नयेत म्हणून बस बाहेरून घेतात, अगदी तशी. बोटभर मोटारीला एवढी जागा! ड्रायव्हर ओशाळले.

"बस आणलीत का हो इथे?" ती खुर्चीतून म्हणाली. शब्द अडखळले, टोमणा नाही.

"बुजवतो मी ती."

"राहू द्या."

खाचेच्या दोन्ही बाजूंना मोटारीला वीज पोचवणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या चिकटवून झाल्यावर त्यांनी तिचा अंगठा कळीवर ठेवला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत बसले. बघवत नव्हतं त्यांना. बराच वेळ काहीच झालं नाही. मग घरघर ऐकू आली, तसे ते वळले. मोटार सरपटत निघाली, काठापर्यंत गेली आणि वळणाच्या तोंडाशी थांबली.

ड्रायव्हरांना वाटलं, अंगठा हरला. मोटारीला ढकलायला त्यांनी बोट पुढे केलं.

"हात काढा," ती म्हणाली. "दवाखान्याचा थांबा आहे. माणसं उतरतायत."

त्यांनी हात मागे घेतला. डोळे भरून आले, तरी सवयीने समोर बघत ताठ बसून राहिले. सगळी माणसं उतरेपर्यंत तिने वेळ घेतला. मग तोंडानेच दोनदा घंटी दिली आणि अंगठा दाबला.