देवाकडे पाठ

मुदतीच्या तापाने मला इस्पितळात आणून टाकले, तेव्हा देवावरचा माझा विश्वास खरे तर डळमळलाच होता. हट्ट मात्र शाबूत होता. खाटेच्या डाव्या अंगाला खिडकी, आणि खिडकीच्या रोखाने सिद्धेश्वराचे देऊळ. मरायचेच तर त्या दिशेला तोंड करून मरू, देवाकडे पाठ करायची नाही, असे मी ठरवून टाकले. शुक्रवार पेठेतला दुकानदार मी. एकदा बोललो की बोललो.

नर्सबाई करमाळ्याकडच्या, ख्रिस्ती. दिवसातून कितीदा तरी येत, मला दुसऱ्या कुशीवर वळवत, पाठीला स्पिरिट चोळत, चादरीची चुणी न् चुणी ताणून काढत. त्या गेल्या की मी कण्हत-कुंथत पुन्हा खिडकीकडे. शेवटी डाव्या खुब्यावर लाल चट्टा उठला. बाई म्हणाल्या, "आप्पा, हितलं कातडं फाटलं तर आत हाडापातुर सडंल. तापातनं वाचाल आन् ह्यानं जाल. वळा की!" माझी बायको रडकुंडीला आली. तरी माझे आपले एकच, देवाकडे पाठ नाही. काय म्हणावे अशा माणसाला!

दुसऱ्या सकाळी बाई चट्टा बघायला वाकल्या आणि थबकल्या. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात जन्मापासून असते ती लिंगाची चांदीची डबी घसरून माझ्या अंगाखाली गेली होती, बरगडीत रुतत होती. हात न लावता त्यांनी विचारले, "ह्यो तुमचा देवच न्हवं? मी उचलला तर चालंल? तुमास्नी वळवलं की ह्येलाबी तिकडंच ठेवीन."

ज्याला उभा जन्म छातीवर वागवला, त्याला मी खिडकीबाहेर शोधत होतो, आणि तो माझ्याच अंगाखाली चेंगरत होता. "उचला," म्हणालो, "आणि मलाही वळवा, कुठं वळवायचं ते." बाईंनी डबी माझ्या तळहातावर ठेवली आणि कूस बदलली. तोंड भिंतीकडे झाले. मला रडू आले, मग गाढ झोप लागली.

चट्टा हळूहळू फिकटला, कातडे फाटले नाही, पुढे तापही उतरला. याला कुणी शुश्रूषा म्हणेल, कुणी कृपा. मी वाद घालत नाही. त्या बाईंचे उपकार मात्र मी विसरलेलो नाही. शरण जायचे म्हणजे काही तरी मोठे करून दाखवावे लागते, अशी माझी समजूत होती. मला तर नुसते अंग सैल सोडायचे होते.