बाळंतिणीची किमान शिल्लक

मालिशवाली बाई बाळाला न्हाऊ घालून गेली, बाळ झोपलं, आता आपणही जरा डोळा लावावा म्हटलं, तेवढ्यात बँकेचा मेसेज आला. खात्यात किमान शिल्लक नसल्यामुळे दंड कापण्यात आला आहे. खाली आणखी एक ओळ होती. आमच्यासोबत व्यवहार केल्याबद्दल धन्यवाद. दंडापेक्षा त्या धन्यवादानं माझं डोकं फिरलं. खिसा कापायचा तर कापा बाबा, वरून नमस्कार कशाला करता?

मी अकोल्याच्या एका खाजगी शाळेत शिकवते. विनाअनुदानित. मूल होणार म्हटल्यावर संस्थेनं रजा दिली, पगार दिला नाही. ‘नोकरी ठेवतोय ना तुमची, मॅडम,’ असं सचिव म्हणाले. आवाज असा, जणू माझ्या अंगावर शाल घालत आहेत. बाळंतपणाची पगारी रजा हा नोकरदार बाईचा हक्क आहे, हे मी नववीच्या मुलांना नागरिकशास्त्राच्या तासाला घसा कोरडा करून सांगते. ऑफिसात मात्र मी ‘बरं सर’ म्हणाले आणि पहिल्या बाळंतपणाला माहेरी अमरावतीला निघून आले. तेव्हा गप्प बसले याचा राग वेगळाच आहे.

शाळेचा पगार या बँकेत यायचा. पगार येत होता तोवर खात्यात एक रुपया उरला तरी बँकेचं काही म्हणणं नव्हतं. पगार थांबला आणि काही महिन्यांनी त्यांनी मला न विचारता माझं पगाराचं खातं साधं बचत खातं करून टाकलं. साध्या खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागते. म्हणजे पगार असताना खात्यात पैसे नसले तरी चालतं, आणि पगार नसताना मात्र ते हवेतच. हे ज्याच्या डोक्यातून निघालं, त्याला एकदा बाळंतीण करून बाजेवर बसवलं पाहिजे.

नवऱ्याला अकोल्याला फोन लावला. तो कृषी केंद्रावर बियाणं-औषधं विकतो. मागे गिऱ्हाइकांचा गोंगाट. म्हणाला, “बंद करून टाक न ते खातं. माह्या खात्यात येत जाईन तुहा पगार. कायले डोक्शाले ताप करून घेतं?”

नवरा वाईट नाही. त्याच्या खात्यातून मी काही घ्यायचं म्हटलं तर तो ‘घे न’ म्हणतो, कधी नाही म्हणत नाही. मला ते ‘घे न’च नको आहे. नोकरी लागली तेव्हा उघडलेलं हे खातं. सासरचं घर त्यांचं, माहेरचं घर बाबांचं, फक्त माझं असं तेवढंच एक आहे. त्यात भले काही नसो, ते मला हवं होतं.

बाबांना अमरावतीच्या शाखेत पाठवलं. त्यांचंही खातं तिथेच आहे. तिथल्या माणसानं सांगितलं की खातं अकोल्याचं आहे, काय असेल तो अर्ज मुलीनं स्वतः अकोल्याला जाऊन द्यायचा. माझे टाके ओले होते, कानाला रुमाल बांधलेला होता आणि सव्वा महिना उंबऱ्याबाहेर पाय ठेवायचा नाही अशी आईची ताकीद होती. फोनवर तक्रार करावी तर हिंदीसाठी दोन दाबा, मराठीसाठी तीन दाबा. तीन दाबलं की गाणं वाजायचं, गाणं ऐकून बाळ उठायचं.

बाबांनी मग त्यांच्या परीनं तोड काढली. सगळा जन्म कापडाच्या दुकानात नोकरीत गेलेला माणूस. पेन्शन नाही, जे काही साठवलं त्यातच दोघांचं घर चालतं. ते म्हणाले, “महिन्याच्या आखरीले पाहात असतीन न ते, किती हायेत म्हणून? तवा आपण भरून देऊ.” महिनाअखेरीला ते रांगेत उभे राहून माझ्या खात्यात पैसे भरून यायचे. नवा महिना लागला की माझ्या एटीएम कार्डानं काढून आणायचे. ते पैसे परत घ्यायचे ही माझीच अट होती, नाहीतर मी भरूच दिले नसते. असं दोन महिने चाललं. घरी आले की चप्पल काढता काढता सांगायचे, “झालं बाई तुहं काम.”

पुन्हा दंड कापल्याचा मेसेज आला. या वेळी मी गाणं संपेपर्यंत फोन धरून ठेवला. पलीकडच्या मुलीनं शांतपणे समजावलं. शिल्लक एका दिवसाची बघत नाहीत मॅडम, सरासरी बघतात. महिन्याच्या रोजच्या शिलकेची बेरीज करून भागतात. तीन-चार दिवस पैसे ठेवून उपयोग नसतो.

मी बाबांवर चिडले. आधी विचारलं का नाही, म्हातारपणी उन्हात रांगा लावायची काय हौस, असं वाट्टेल ते बोलले. ते “असं होय काय” एवढंच म्हणाले आणि पिशवी घेऊन भाजी आणायला गेले.

सव्वा महिना तर केव्हाच उलटला होता. मी बाळाला गुंडाळलं आणि अकोल्याची बस धरली. एकटीला सोडायला बाबा तयार नव्हते, तेही आले. बँकेत बाळाला घेऊन ते बाकावर बसले, मी साहेबांच्या टेबलापुढे बसले. सगळं ऐकून घेऊन साहेब म्हणाले, “मिस्टरांचं खातं आहे ना आपल्याकडे? ते याला जोडून घेऊ. मग दोघांची शिल्लक एकत्र धरतात, तुम्हाला काही बघायलाच नको. त्यांना घेऊन या एकदा.”

“खातं माझं आहे,” मी म्हणाले. “यात नवरा कुठून आला?”

“सोयीसाठी म्हणतोय, मॅडम.”

मी म्हटलं, ज्यात किमान शिल्लक लागत नाही असंही एक खातं असतं, ते करून द्या. बाळाला पाजता पाजता मोबाईलवर सगळं वाचून आले होते. साहेब हसले. “ते गोरगरिबांसाठी असतं. मजूर वगैरे. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला शोभतं का ते?”

मागे रांग होती. रांगेत आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील होते, आत येताना त्यांनी मला वाकून नमस्कार केला होता. क्षणभर वाटलं, जाऊ दे, उठावं. मग असं काही पेटलं डोक्यात, की आवाज खाली आणायचं भानच राहिलं नाही.

“मी गरीब आहे,” मी म्हणाले. “शाळेनं पगार दिला नाही, होते ते पैसे तुम्ही कापले. अजून किती गरीब व्हायला पाहिजे ते सांगा, तेवढी होऊन येते.”

साहेबांनी फॉर्म काढून दिला. कापलेले पैसे परत मागितले तर नाही म्हणाले, नियमात बसत नाही. मी सही केली.

बाबा बाकावरून उठून आले. मला वाटलं, आता मान खाली घालून चल म्हणतील. शेजाऱ्याकडून उसनी साखर आणलेलीही त्यांना आवडत नाही. त्यांनी बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि साहेबांपुढे जरा वाकून हळूच विचारलं, “सायेब, असं खातं मलेबी भेटते काय? माहं अमरावतीले हाये.”

“तुमच्या खात्याला काय झालं, बाबा?” मी विचारलं.

ते माझ्याकडे बघेनात. “काही नाही. तुह्यात भराले माह्यातूनच काढलते न. तेवढ्या दिवसात माहंबी कमी भरलं. त्यायनं दोन्हीकून कापले.”

“मग मले कावून नाही सांगतलं?”

“बाळंतिणीले काय सांगाचं ते.”

एकाच म्हाताऱ्याचे तेच पैसे. लेकीच्या खात्यात गेले म्हणून त्याच्या खात्यातून कापले, आणि तिथे पुरेसे दिवस राहिले नाहीत म्हणून लेकीच्याही. मी पर्स उचलली होती, ती परत टेबलावर ठेवली. बाळ भुकेनं कुरकुरायला लागलं होतं. ओढणी पुढे घेऊन त्याला तिथेच पाजायला घेतलं. साहेब खिडकीकडे बघायला लागले.

“इकडे बघा,” मी म्हणाले. “आता बाबांचं बोला.”