अनवरीची दोन वर्षं

अनवरीने स्वतःच्या निकाहनाम्यात स्वतःच्या हाताने अट घातली, तेव्हा काझीसाहेबांना हसू आवरेना. इतर मुलींकडचे मेहेरच्या रकमेसाठी घासाघीस करतात, ही शिक्षणावर अडून बसलेली. मराठवाड्यात माहेरी ती बी.ए. झाली होती आणि वकिलीचं पहिलं वर्षही चांगल्या मार्कांनी पास झाली होती. उरलेली दोन वर्षं नाशिकला सासरी राहून करायची, एवढंच तिचं म्हणणं. खाडाखोड करत तिने अटीचं वाक्य लिहिलं: निकाहच्या तारखेपासून दोन वर्षं सुनेला वकिलीचं शिक्षण घेऊ दिलं जाईल. करार कायदा नुकताच शिकलेली पोरगी! तिला वाटलं, आता कोणाची बिशाद आहे अडवायची.

सासरे सलाउद्दीन द्राक्षांची लाकडी खोकी बनवायचे. जुन्या नाशकात भद्रकालीला वर घर, खाली कारखाना. हंगामात निफाड-पिंपळगावचे टेम्पो दारात ताटकळत. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "लिहिलंय ते पाळीन. पण लिहिलंय तेच." माणूस शब्दाचा पक्का. त्यापायीच पुढचं सगळं घडलं.

कॉलेजच्या खिडकीवरचा कारकून म्हणाला, "तुमचं विद्यापीठ वेगळं, आमचं वेगळं. आधी मायग्रेशन आणा." म्हणजे जुन्या विद्यापीठातून नाव काढल्याचा दाखला. तिने नाव काढलं. दाखला टपालाने रमतगमत आला, तोवर इथले प्रवेश बंद. दुसऱ्या वर्षी दाखला घेऊन गेली, तर म्हणे, तुमचे पेपर आमच्या पेपरांशी जुळतात का, ते समिती ठरवेल. फौजदारी कायदा इकडे पहिल्या वर्षाला होता, तिकडे दुसऱ्या.

"मी तो पेपर जादा देते की," अनवरी म्हणाली.

"ते समिती ठरवेल."

समिती कधी बसायची, कुठे बसायची, ते अल्लाला ठाऊक. तिचा नवरा रहेमान कारखाना बंद ठेवून विद्यापीठात खेटे घालून आला. प्रत्येक वेळी त्याला चहा मिळाला, उत्तर मिळालं नाही.

घरात वेगळीच पंचाईत होऊन बसली होती. सुनेला अभ्यासाला वेळ मिळावा म्हणून सासू खुर्शीदाने सगळं स्वयंपाकघर एकटीच्या अंगावर घेतलं होतं. कॉलेजच नाही तर निदान भाकऱ्या तरी थापाव्या म्हणून अनवरी उठली, की खुर्शीदा तिला दंडाला धरून परत बसवायची. "उद्या पत्र आलं तर? मागे पडशील. तू वाच." मग अनवरी तीच ती पुस्तकं उघडून बसायची. आत भाकरी थापल्याचा आवाज यायचा आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बघता बघता खुर्शीदाचे गुडघे कामातून गेले.

पत्र आलं तेव्हा दोन वर्षं संपत आली होती. पहिलं वर्ष समकक्ष धरता येत नाही. इच्छा असल्यास पुन्हा पहिल्या वर्षापासून प्रवेश घ्यावा. बस्स, दोन ओळी.

शुक्रवारची नमाज पढून सलाउद्दीन घरी आले, तेव्हा अनवरीने ते पत्र त्यांना वाचून दाखवलं.

"अब्बा, अट शिक्षणासाठी होती. शिक्षण सुरूच झालं नाही, तर वर्षं कशी मोजायची? मला तीन वर्षं द्या."

त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. "तुझं चुकत नाही, बेटी. पण निकाहच्या तारखेपासून, असं तूच लिहिलंस. मी त्यातलं एक अक्षर बदललं नव्हतं."

"अब्बा, निदान एखादं वर्ष..." रहेमान बोलायला लागला आणि त्याची नजर आईच्या गुडघ्यांवर गेली.

खुर्शीदा पाय लांब करून लसूण सोलत बसली होती. "मी कधी नाही म्हटलं का गं?" ती म्हणाली. "पण आता मला उठवत नाही."

सासऱ्यांशी अनवरी भांडली असती, कडकडून भांडली असती. सासूशी कशी भांडणार? घरात कोणी वाईट असतं तर तिला निदान चिडता तरी आलं असतं. ती उठली आणि परातीत पीठ घेतलं.

पुढे पाच-सहा वर्षांनी कारखान्याचा एका व्यापाऱ्याशी दावा लागला. रहेमान तिला मुद्दाम वकिलाकडे बरोबर घेऊन गेला. वकील तरुण होता. टेबलावरचे कागद ती भराभर वाचतेय हे बघून त्याने विचारलं, "ताई, शिक्षण किती झालंय?"

"बी.ए.," अनवरी म्हणाली.

वकिलाने मान डोलावली आणि दावा रहेमानला समजावून सांगायला सुरुवात केली. जिना उतरताना रहेमानला राहवलं नाही. "वकिलीचं पहिलं वर्ष का नाही सांगितलंस?"

"ते कुठे धरतात?" ती म्हणाली.