कुलूपकाका आणि फ्लॅग-नाईन

ऑफिसात त्यांना तोंडावर ‘काका’ म्हणत आणि पाठीमागे ‘कुलूपकाका’. कारण त्यांचा प्रोग्राम त्यांच्याशिवाय कुणालाच समजायचा नाही. आत शिरलेला माणूस हात हलवत परत यायचा. प्रोग्रामात प्रत्येक गोष्टीला एक नाव द्यावं लागतं; काकांची सगळी नावं एक्स-वन, टेम्प-टू, फ्लॅग-सेव्हन अशी. कोण कशासाठी हे फक्त काकांच्या डोक्यात. हे टोपणनाव काकांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं. कुलपाला कुणी नोकरीवरून काढत नाही.

प्रोग्राम होता एका मोठ्या हॉस्पिटलातल्या नर्सच्या ड्यूट्या लावण्याचा. कुणाला दिवसपाळी, कुणाला रात्रपाळी, कुणाची रजा कधी, सगळं तोच ठरवायचा. आणि त्याच हॉस्पिटलात एका वॉर्डच्या मुख्य नर्स होत्या खुद्द काकांच्या बायको. काकू कधी रात्रपाळीहून सुजल्या डोळ्यांनी येऊन विचारायच्या, “अहो, परत मलाच कशी लावली?” काका पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, “आत फार गुंतागुंत असते. तुला नाही कळायचं.” हळूहळू काकू विचारेनाशा झाल्या. काकांनी त्याचा अर्थ आदर असा लावला. नवरे असे अर्थ लावण्यात पटाईत असतात.

मग ऑफिसात एक नवी मुलगी आली; सगळे तिला ‘नवी’च म्हणत. तिला रात्रपाळीचा भाग नव्यानं लिहायला दिला, आणि या पोरीनं सगळी नावं सरळ आपल्या भाषेत, आपल्या लिपीत लिहिली. रात्रपाळी, सलग_रात्री, उरलेली_रजा. कॉम्प्युटरनं चूं केलं नाही. एका गोष्टीला एकच नाव ठेवलं की त्याला बाकी देणंघेणं नसतं.

देणंघेणं काकांना होतं. “हे प्रोग्रामिंग आहे का गोष्टीचं पुस्तक? दर ओळीला कीबोर्ड बदलत बसायचं? उद्या परदेशातलं गिऱ्हाईक आलं तर त्याच्यापुढे काय, आरती म्हणायची?” मुद्दे तसे खोटे नव्हते. पण नुसते मुद्दे मांडताना माणसाचा आवाज चिरकत नाही. काकांचा चिरकत होता.

नवा भाग तपासायला नवी हॉस्पिटलात जाऊन बसू लागली. एके दुपारी काकाही गेले, म्हटलं बघू काय दिवे लावलेत. वॉर्डाशेजारच्या छोट्या खोलीत, औषधांच्या कपाटाला पाठ लावून, काकू नवीच्या शेजारी बसल्या होत्या. चष्मा नाकावर, बोट पडद्यावर, आणि ओळीमागून ओळ वाचत होत्या. प्रोग्राम वाचत होत्या, आणि मध्येच हसत होत्या. काका दारातच थांबले.

“ही सलग_रात्री कसली बाई लांबलचक,” काकू म्हणत होत्या. “तीन रात्री झाल्या की त्या बाईला आम्ही काय म्हणतो? थकलेली. तेच लिही ना.”

“लिहू, सिस्टर?” नवी हसली आणि तिनं लिहिलं: थकलेली असेल, तर रात्रपाळी नाही.

काकांना चीड आली. बायकोला परपुरुषाबरोबर हसताना पाहिलं असतं तर जेवढी आली असती, तेवढीच. इतक्या वर्षांत आपल्या प्रोग्रामाकडे ढुंकून न पाहणारी ही बाई, आणि कालच्या पोरीच्या प्रोग्रामात स्वतःचा शब्द घालून बसली! आत न जाता ते तसेच फिरले. घरी जेवताना काकूंनी उत्साहानं तो प्रसंग सांगितला, तर म्हणाले, “भाजीत मीठ कमी आहे.” मीठ बरोबर होतं.

थोड्या दिवसांनी साहेबांनी विचारलं, “काका, तुम्ही सगळ्यांत जुने. ही नावं ठेवायची का बदलायची? तुम्ही म्हणाल तसं.” काकांनी पानभर लेखी मत दिलं: सर्व नावं इंग्रजीत असावीत. खाली जोडलं, बदलण्याचं काम मी स्वतः करेन. नवी हिरमुसली.

काकांनी एकेक नाव सोलून काढलं. हात झरझर चालत होते. थकलेलीपाशी मात्र जरा अडखळले. मग त्याचं केलं फ्लॅग-नाईन. प्रोग्राम पहिल्यासारखाच चालला. काकांना त्या रात्री गाढ झोप लागली.

आठवड्याभरात एका संध्याकाळी काकू घरी आल्या. युनिफॉर्मच्या घड्या घालता घालता म्हणाल्या, “आज त्या पोरीकडे बसले होते. काही वाचता येईना. उठून आले.”

“नावं बदलली. नियम आहे तसा.”

“माझा शब्द होता त्यात.”

“आहे की. फ्लॅग-नाईन.”

काकूंनी घडी अर्धवट ठेवली. “बरं. मग तुमच्या जुन्या प्रोग्रामात थकलेलीला काय म्हणत होता? तो कितवा फ्लॅग?”

काकांनी लॅपटॉप उघडला. जरा वेळ शोधल्यासारखं केलं. शोधायची गरज नव्हती, त्यांना सगळं पाठ होतं. सेव्हन म्हणजे रजा, फोर म्हणजे नोकरीची वर्षं, टेम्प-टू म्हणजे वॉर्डात कमी पडणाऱ्या नर्स. काहीही सांगून टाकलं असतं तरी काकूंना कळणार नव्हतं. कुलपाचा हाच तर फायदा.

“नाहीये,” काका म्हणाले. “माझ्यात ते कुठेच नाहीये.”

“वाटलंच मला,” काकू म्हणाल्या. “पहिल्याच वर्षी सांगितलं होतं तुम्हाला, तीन रात्रींनंतर पाय उचलत नाहीत म्हणून.” आणि पुन्हा घड्या घालू लागल्या. भांडल्या असत्या तर काकांना सोपं गेलं असतं.

सकाळी काकांनी साहेबांकडून आपलं मत परत घेतलं. साहेब म्हणाले, “आता काय झालं?” काका म्हणाले, “काही नाही, वय झालं.” मग ते नवीच्या टेबलापाशी गेले. खुर्ची ओढली, आणि कीबोर्ड आपल्या भाषेत कसा करायचा ते तिला विचारलं. विचारताना कान लाल झाले होते. फ्लॅग-नाईन शोधून पुसलं आणि एका बोटानं, अक्षरं हुडकत, थ लिहायला घेतला. थ काही सापडेना.

“सरका काका, मी टाकते पटकन,” नवी म्हणाली. “तुमचा दिवस जाईल यात.”

काकांनी कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

“जाऊ दे. बाकीचे सगळे शब्द तू टाक,” ते म्हणाले. “हा आमच्या घरचा आहे.”